गादीवर बसून बसून मणका सरकतो का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय ३८, गुजरीतल्या सराफी पेढीवर हिशेबाचं काम, रोज नऊ-दहा तास गादीवर मांडी घालून बैठक. पाच महिन्यांपासून कंबर दुखते, दुपारनंतर जास्त, आणि उठताना एकदम सरळ होता येत नाही. एक्स-रे काढला तर रिपोर्टमध्ये ‘कमरेचा नैसर्गिक बाक कमी झाला आहे’ असं आलं. मग कुणीतरी मणके बसवणाऱ्या एका गृहस्थांकडे नेलं. त्यांनी पाठ चाचपून दोन मणके जागचे हलल्याचं सांगितलं आणि दहा वेळा यायला सांगितलं. बायको म्हणते महागाची खुर्ची घ्या, मालक म्हणतात पेढीवरची गादीची रीत मोडायची नाही. आणि तुम्ही तीन गोष्टी विचारताय : वाकडं बसल्यानं मणका खरंच सरकला का, ताठ बसलं तर तो जागेवर येईल का, आणि अभ्यासाला पोक काढून बसणाऱ्या तुमच्या चौदा वर्षांच्या मुलीचा कणा वाकडा होईल का.

मी कोल्हापुरात बावीस वर्षं फिजिओथेरपी करते. माझ्याकडे सुभाषनगरचे चप्पल कारागीर येतात, हुपरीचे चांदीवाले येतात, उद्यमनगरात लेथवर उभे राहणारे येतात, बँकेतले येतात. प्रत्येकाची बैठक वेगळी, पण दारातून आत येताना वाक्य एकच असतं, ‘मॅडम, मणका सरकलाय बघा.’ तुमचं दुखणं खरं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण दुखण्यापेक्षा या वाक्यानं तुम्हाला जास्त धरून ठेवलंय असं मला वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मणका सरकणं हा प्रकार असतो. त्याला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात, आणि त्यात एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे घसरलेला असतो. तरुण माणसात त्याचं मूळ बहुतेकदा कमरेच्या पाचव्या मणक्याच्या मागच्या बाजूला, हाडाच्या एका अरुंद पट्टीत पडलेल्या बारीक भेगेत सापडतं. ही भेग सहसा वाढीच्या वयात पडते. ज्यांची पाठ वारंवार जोरात मागे वाकते, म्हणजे वेगवान गोलंदाज, जिम्नॅस्ट, कुस्तीगीर, त्यांच्यात ती जास्त आढळते. उतारवयात मणक्यांचे सांधे झिजूनही मणका थोडा पुढे येतो. दोन्ही प्रकार बाजूनं काढलेल्या एक्स-रेत दिसतात आणि किती घसरला ते रिपोर्टमध्ये ग्रेड देऊन लिहिलेलं असतं. तुम्ही रिपोर्टमधला जो मजकूर उतरवलाय त्यात यातलं काहीच नाही. मांडी घालून बसल्यानं हाड जागचं निसटत नाही. प्रत्येक दोन मणक्यांमध्ये जाड चकती, मागे दोन सांधे, पुढे-मागे लांबच लांब अस्थिबंध आणि त्यावर स्नायूंचे थर अशी ती बांधणी आहे.

पाठ दाबल्यावर ‘कट्ट’ आवाज आला आणि दोन दिवस बरं वाटलं, असंही तुम्ही लिहिलंय. बोटं मोडताना येतो तसाच तो आवाज : सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा. आखडलेले स्नायू तेवढ्यापुरते सैल पडतात आणि आराम मिळतो. तो आराम खोटा नसतो. प्रशिक्षित हातानं केलेली अशी हालचाल मीही निवडक पेशंटना देते. पण ‘हलला होता, बसवला’ ही भाषा मला मनापासून खटकते, कारण ती ऐकलेला माणूस पुढची कित्येक वर्षं वाकायला घाबरतो. जमिनीवरची पेन्सिलसुद्धा मुलाला उचलायला सांगणारे चाळिशीतले धडधाकट पुरुष मी पाहिलेत.

मग बसल्यावर कण्यात होतं तरी काय? मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके, त्यांच्याखाली त्रिकास्थी हे त्रिकोणी हाड आणि सगळ्यांत खाली माकडहाड. बाजूनं पाहिलं तर मान आत, पाठ बाहेर, कंबर पुन्हा आत, अशी त्यांची वळणं असतात. जन्मलेल्या बाळाच्या पाठीला एकच बाहेरचं वळण असतं. बाळ मान धरायला लागतं तेव्हा मानेचा बाक तयार होतो. बसायला, उभं राहायला लागतं तेव्हा कमरेचा. कमरेचा बाक हा माणसानं उभं राहण्यासाठी कमावलेला आहे. बसलं की त्यातला काही भाग परत करावाच लागतो.

तो कसा परत जातो हे कळायला कमरेखालच्या खोलगट हाडांकडे, कटीकडे बघायचं. त्रिकास्थी या कटीच्या दोन हाडांत पाचरीसारखी ठोकलेली असते आणि तिच्यावर सगळा कणा रचलेला असतो. जुन्या वाड्याचं जोतं एका बाजूला खचलं की वरच्या भिंतीला दोष देऊन उपयोग नसतो, तसंच हे. उभा माणूस बसतो तेव्हा मांडी आणि धड यांच्यात काटकोन होतो. या ९० अंशांपैकी साधारण ६० अंश खुब्याच्या सांध्यातून येतात. उरलेले ३० अंश कटी मागे कलून आणि कमरेचा बाक सपाट होऊन भरून निघतात. ज्याचे खुबे आखडलेले आहेत त्याला खुब्यातून कमी मिळतं, म्हणून कमरेतून जास्त द्यावं लागतं. अमेरिकेतले डॉक्टर कीगन यांनी वेगवेगळ्या स्थितींत बसवून-निजवून काढलेल्या एक्स-रेंचा अभ्यास १९५३ मध्ये मांडला. मांडी आणि धड यांतला कोन १३५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा, म्हणजे कुशीवर पाय थोडे दुमडून निजतो तेव्हा, कंबर सगळ्यांत स्वाभाविक ठेवणीत असते, असं त्यांना दिसलं. तो कोन जसजसा लहान होतो तसतशी कंबर सपाट होत जाते.

यात मांडीमागच्या लांब स्नायूंचाही हात असतो. ते बैठकीच्या हाडांपासून निघून गुडघ्याच्या खाली जातात. पाय समोर लांब पसरले की ते ताणले जातात आणि कटीला मागे खेचतात. पेढीवर मांडी अवघडली की तुम्ही पाय पसरून खतावणी मांडीवर घेता, असं तुम्ही लिहिलंय. पाय मोकळे होतात हे खरं, पण त्या वेळी कंबर मांडीपेक्षाही जास्त गोल होते.

हे वाचता वाचता एक करून बघा. कडक जागेवर बसा, दोन्ही तळहात वरच्या बाजूला करून बसकेखाली घाला. दोन टोचणारी हाडं हाताला लागतील. आता पोक काढा. टोचणं कमी होऊन भार मागे माकडहाडाकडे जाईल. मग बाकी काही न करता फक्त कटी पुढे कलवा, हाडं तळहातात रुतेपर्यंत. छाती आपोआप उचलली जाईल, हनुवटीही थोडी आत येईल. खांदे मागे खेचायची गरज तुम्हाला पडली नाही, हे लक्षात घ्या. उलट कंबर गोल झाली की पाठ आणखी गोल होते, डोकं पुढे जातं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघायला मानेचा वरचा भाग मागे मोडावा लागतो. साडेचार-पाच किलोचं डोकं असं पुढे टांगलेलं धरून ठेवायचं काम मानेमागच्या स्नायूंना लागतं. म्हणून मानेची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचीही बैठक मी कटीपासूनच बघते.

माझ्या सुरुवातीच्या काळात मी सगळ्यांना ‘ताठ बसा’ एवढंच सांगत असे. तेव्हा बँकेत काम करणारी एक बाई माझ्याकडे आली होती. तिनं माझं वाक्य अक्षरशः पाळलं : दिवसभर खांदे मागे, छाती पुढे, पोट आत. दीड महिन्यानं आली तेव्हा दुखणं वाढलेलं होतं आणि पाठीचे दोन्ही बाजूचे स्नायू दोरखंडासारखे टणक लागत होते. एका अवघडलेल्या स्थितीतून काढून मी तिला दुसऱ्या अवघडलेल्या स्थितीत बसवलं होतं. तेव्हापासून मी ‘ताठ’ हा शब्द वापरणं सोडलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे : ताठ बसून काही जागेवर यायचं नाही, कारण जागचं काही गेलेलं नाही, आणि दहा तास ताठ बसायचा प्रयत्न केलात तर कंबर नव्यानं दुखेल.

पोक काढून बसण्याला इतकं घाबरायचं कारण काय, याला एक इतिहास आहे. स्वीडनमध्ये १९६०च्या दशकात नॅकेमसन यांनी जिवंत माणसांच्या कमरेच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा बराच जास्त आढळला, आणि ही गोष्ट आमच्या पिढीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं पाठ केली. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत मापक बसवून दिवसभराचे दाब नोंदवले. तेव्हा साधं सैल बसणं आणि उभं राहणं यांतला दाब जवळजवळ सारखा निघाला, आणि खुर्चीत मागे रेलून बसल्यावर तर कमी. पाठ वाकवून २० किलोचं ओझं उचलताना मात्र तो उभं राहण्याच्या सुमारे साडेचार पट झाला. एकाच माणसावरचं मोजमाप आहे, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ समजू नका. पण बसण्यानं चकती चिरडते ही समजूत मी आता पेशंटना देत नाही.

पोकाची खरी अडचण दाबात कमी आणि वेळेत जास्त आहे. मागचे अस्थिबंध आणि चकतीची मागची बाजू सतत ताणलेली राहिली की ती हळूहळू लांबत जातात, ओल्या सुताला वजन टांगल्यासारखी. वीसेक मिनिटं पूर्ण वाकून बसलं तरी हा फरक मोजता येतो. उठल्यावर दोनेक मिनिटांत निम्मा भरून येतो, पण उरलेल्याला अर्धा तासही पुरत नाही. तेवढा वेळ कंबर जरा ढिली असते आणि स्नायूही उशिरा जागे होतात. तुम्ही म्हणता ना, उठल्यावर लगेच सरळ होता येत नाही? ते हेच. शिवाय मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिला पोषण मिळतं ते शेजारच्या हाडातून झिरपून, आणि त्याला मदत होते ती भार कमी-जास्त होत राहण्याची. चार तास एकाच ठेवणीत बसलं की ही ये-जा मंदावते.

सुभाषनगरातले साठीचे एक चप्पल कारागीर माझ्याकडे गुडघ्यासाठी यायचे. चाळीस वर्षं जमिनीवर बसून, वाकून कातडं कापण्यात गेलेली. कंबर कशी आहे विचारलं तर म्हणाले, ‘कंबर कशापायी दुखंल?’ एकदा त्यांच्या घरी जाऊन मी त्यांचं काम तासभर पाहिलं. रापी चालवताना पाठ पूर्ण गोल. पण दर पाच-सात मिनिटांनी ते उठत होते : कातडं भिजवायला, तळ वाळत ठेवायला, दाराशी आलेल्याशी बोलायला, कधी उगीच. त्यांचाच मुलगा बाहेर सोफ्यावर बसून ऑर्डरी घ्यायचा, मोबाइलवर, तीन-तीन तास न हलता. कंबर मुलाची दुखत होती. दोघांचं वय, अंगकाठी, कामाची सवय सगळंच वेगळं, त्यामुळे एवढ्यावरून सिद्ध काही होत नाही. पण मला त्या तासानं पुष्कळ शिकवलं.

आता तुमची गादी. मालकांना दुखवायची गरज नाही, गादीवरही नीट बसता येतं. गादीचा दोष एवढाच की ती मऊ असते. बैठकीची हाडं खाली रुततात, गुडघे खुब्यांपेक्षा वर येतात, आणि मग कटी मागे कलण्यावाचून पर्याय उरत नाही. तेव्हा जुनी वाकळ घट्ट घडी करून चार-पाच बोटं उंचीची बैठक करा आणि ती फक्त बसकेखाली ठेवा, मांड्या तिच्या पुढे उतरत्या राहू देत. आपल्याकडे जेवायला पाटावर बसायचे, त्यात कंबरेची हीच सोय होती. उंची किती हवी ते तुमचे खुबे ठरवतील. मांडी घातल्यावर गुडघे अजूनही हवेत उंच राहत असतील तर घडी आणखी जाड करा. गुडघे खुब्याच्या बरोबरीला किंवा खाली आले की पुरे.

लोड कसा ठेवता तेही बघा. बहुतेकजण लोडाला खांदे टेकतात आणि कंबर मधल्या मध्ये लोंबकळते. लोड बसकेला चिकटून हवा, कमरपट्ट्याच्या रेषेत आधार देणारा. पोकळी राहत असेल तर टॉवेलची सुरळी करून तिथे सारा. समोरचं बैठं मेज चार-पाच इंच उचला, खाली विटा ठेवून त्यावर कापड टाकलं तरी शोभून दिसतं, म्हणजे खतावणीकडे डोकं न्यावं लागणार नाही. बिलाचा कॉम्प्युटर असेल तर त्याच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. मांडीतला वरचा पाय अधूनमधून बदला. मागच्या खिशातलं पाकीट बसण्याआधी काढून ठेवा, त्यानं कटी एका बाजूला कलते आणि खुब्यामागची नसही दाबली जाते.

हे सगळं करूनही तुम्ही तीन तास बसून राहिलात तर फरक पडणार नाही, हे मी ठामपणे सांगते. तुमच्या बाबतीत सगळ्यांत मोठं औषध उठण्याचं आहे. पाण्याचा तांब्या, शिक्क्याची पेटी, पावतीपुस्तकं हाताशी ठेवायची सवय मोडा. गिऱ्हाईक आलं की उठून नमस्कार करा. अर्ध्या तासात एकदा तरी बैठक मोडली पाहिजे. उठलात की कमरेवर दोन्ही हात ठेवून हळूच मागे वाका, पाच-सहा वेळा. असं करताना कळ पायात उतरली तर थांबा आणि दाखवून घ्या.

एक गोष्ट मात्र आजपासून. रात्री दुकान वाढवताना तुम्ही बैठकीवरून उठून थेट दागिन्यांचे ट्रे तिजोरीत नेता आणि वाकून शटर ओढता. ढिल्या पडलेल्या कमरेवर ओझं आणि वाकणं एकदम येतं, आणि उसण भरते ती नेमकी अशाच वेळी. आधी दोन-तीन मिनिटं उभ्यानं फिरा, मग उचला. पुण्याहून सव्वादोनशे किलोमीटर गाडी चालवत आल्यावर डिकीतल्या बॅगा उचलतानाही हाच नियम. पहाटे उठल्या उठल्याही खोल वाकणं टाळा, कारण रात्री आडवं असताना चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपली उंची सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते ती त्यामुळेच. पहाटे म्हशीखाली उकिडवं बसणाऱ्या गवळ्यांना मी दहा मिनिटं गोठ्यात फिरून मग धारेला बसायला सांगते.

खुर्चीबद्दल थोडक्यात. घरी घ्यायची असेल तर किमतीकडे बघू नका. पाय जमिनीला पूर्ण टेकावेत, गुडघ्यामागे तीन बोटं जागा उरावी, पाठ टेकून किंचित मागे रेलता यावं आणि कमरेला आधार मिळावा, एवढं साध्या लाकडी खुर्चीत आणि एका सुरळीत जमतं. कंबरपट्टा फार दुखत असेल त्या चार-सहा दिवसांपुरता, किंवा लांबच्या प्रवासात. त्यानं कणा सरळ होत नाही.

खुबे मोकळे आणि मांड्या-पाठ दणकट करायला आपल्या तालमीत काय कमी आहे? बैठका काढा, पण अर्ध्या. खुर्चीला हात टेकून, सावकाश, दहा-बारा, दिवसातून दोनदा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हात सोडा. सोबत रंकाळ्यावर अर्धा तास चाल. माझ्या अनुभवात तुमच्यासारख्या माणसाला सहा ते आठ आठवड्यांत स्पष्ट फरक जाणवतो. आधी उठतानाचं आखडणं जातं, दुपारचं दुखणं त्यानंतर.

आता हे सगळं कुणाकुणाला लागू नाही ते सांगितलं पाहिजे. सत्तरीच्या पुढच्या काही लोकांच्या कण्यातली नसांची वाट अरुंद झालेली असते. त्यांना चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. अशा आजोबांना पोक काढू नका म्हणणं म्हणजे त्यांचा एकमेव आराम काढून घेणं. विशी-तिशीत सुरू झालेलं दुखणं, पहाटे जाग आणणारं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणारं आणि हालचालीनं कमी होणारं असेल, तर तो सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो. त्याची रक्ततपासणी आणि डॉक्टर वेगळे. हाडं ठिसूळ झालेल्या आजीला अचानक पोक आलं तर मणका दबलाय का ते पाहावं लागतं. आणि लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेच्या आत बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, दुखण्याबरोबर ताप किंवा विनाकारण वजन घटणं, यातलं काहीही झालं तर माझ्यासारखीकडे येऊ नका, सरळ मोठ्या रुग्णालयात जा. पहिल्या दोन गोष्टींत तर त्याच दिवशी.

तुमच्या रिपोर्टमधला ‘बाक कमी’ हा शेरा मी रोज वाचते. स्नायू आखडलेले असताना किंवा गुडघे दुमडून निजवून एक्स-रे काढला तरी कंबर सपाट दिसते. निरोगी माणसांतही हा बाक कुणाचा ३० अंश, कुणाचा ६० अंश असतो. ते बरंचसं कटीच्या जन्मजात घडणीवर ठरतं. पुढे एमआरआय काढलात तर चकतीबद्दलही काही ना काही लिहून येईल, तेव्हा आधीच सांगून ठेवते : कसलाही त्रास नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये जे प्रसिद्ध झालं त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांची चकती फुगलेली होती. कंबर न दुखणाऱ्या निम्म्या लोकांची!

राहिली मुलगी. या वयात कणा बाजूला वळणं, स्कोलिओसिस, हा आजार शंभरात दोन-तीन मुलांत आढळतो आणि मोठा बाक मुलींत जास्त. पण तो बसण्यानं किंवा दप्तरानं होत नाही. त्यामुळे तिला त्यासाठी रागावू नका. तपासायला मात्र हवं, आणि ते घरी आईला करता येतं. पाठ उघडी ठेवून, पाय जुळवून उभं करा, दोन्ही तळहात जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. एका बाजूच्या बरगड्या दुसरीपेक्षा उंच उचललेल्या दिसल्या, किंवा उभं असताना एक खांदा वा खुबा सतत वर दिसला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत बाक १० अंश किंवा जास्त असला तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढीचं वय आहे, म्हणून दिसल्यावर उशीर नको. पोकासाठी वेगळी तपासणी : तिला पालथं निजवून छाती उचलायला सांगा. पाठ सपाट झाली तर ती नुसती सवय आहे. पाठीचा उंचवटा तसाच ताठर राहिला तर दाखवून घ्या.

सवयच निघाली तर ओरडण्याऐवजी तिची जागा बदला. पुस्तक उतरत्या पाटावर, बसकेखाली वाकळ, मोबाइल हातात धरण्याऐवजी डब्याला टेकवून उभा, आणि दर अर्ध्या तासानं काहीतरी काम सांगून उठवणं. धावणं, दोरीउड्या, लंगडी, जे आवडेल ते रोज. या वयात ‘तुझी पाठ वाकडी आहे’ असं वारंवार ऐकलेल्या मुली मोठेपणी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या पाठीत दोष सापडत नाही, पण आरशासमोर उभं राहायला त्या कचरतात.

मणके बसवणाऱ्या त्या गृहस्थांकडच्या उरलेल्या खेपा रद्द करा. पुढचे आठ दिवस हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा : दुखायला किती वाजता लागलं, त्याआधी किती वेळ न उठता बसला होतात, आणि उठून फिरल्यावर किती मिनिटांत कमी झालं. ते पान घेऊन तुमच्या जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे जा. एक्स-रेपेक्षा त्यातून जास्त कळेल. आणि दोन महिन्यांनी बरं वाटायला लागल्यावर बाक परत आला का बघायला पुन्हा एक्स-रे काढू नका. बहुधा तो होता तसाच दिसेल, आणि तुमची कंबर दुखत नसेल.